पावसाळ्यात गाडीच्या वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये पाणी शिरून पिना गंजतात, कायमचा बंदोबस्त कसा करावा?

प्रश्न: खाडीकाठ

नमस्कार. मी गुहागर तालुक्यात खाडीपासून अगदी जवळ राहतो आणि कामानिमित्त आठवड्यातून तीन-चार वेळा गाडी धोपावे-दाभोळ फेरीबोटीने पलीकडे न्यावी लागते. गाडी आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. गेल्या दोन पावसाळ्यांपासून तिच्या वायरिंगचा त्रास सुरू झाला असून तो दर वर्षी जून संपता संपता डोके वर काढतो आणि दिवाळीनंतर आपोआप कमी होतो.

सध्याच्या तक्रारी दोन आहेत. पहिली अशी की डाव्या बाजूचा मागचा दिवा मंद जळतो, आणि रात्री ब्रेक दाबून डावा इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवाही इंडिकेटरच्याच लयीत कमी-जास्त होतो. दुसरी अशी की मोठ्या पावसातून गाडी आणली की एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागतो आणि गाडी दोन दिवस उन्हात उभी राहिली की विझतो.

मागच्या दिव्याचा कपलर मी स्वतः उघडून पाहिला. सहा पिनांपैकी दोन पिनांवर हिरवट-निळसर पूड जमली होती आणि एका पिनेभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी पडले होते. मी घासकागदाने पिना घासल्या, व्हॅसलिन भरले, वरून काळी टेप घट्ट गुंडाळली आणि टेपेच्या कडेला बाथरूमच्या फटी बुजवण्यासाठी आणलेले सिलिकॉन लावले. दीड महिन्यातच पुन्हा तोच प्रकार झाला, आणि या वेळी टेप सोडवली तेव्हा आतून पाण्याचे थेंब गळाले. एका कार्यशाळेत दाखवले तर मागचा पूर्ण हार्नेसच (वायरींचा जुडगाच) बदलावा लागेल असे सांगण्यात आले आणि खर्चाचा आकडा ऐकून मी परत आलो.

इतके बंद करूनही पाणी आत कसे जाते, आणि खाऱ्या हवेत राहणाऱ्याने नेमके काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: जुना वायरमन

खाडीकाठ यांस नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यात गाड्यांच्या वायरिंगचे काम करण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. आपण लिहिलेली लक्षणे मी शेकडो गाड्यांत पाहिली आहेत, त्यामुळे हार्नेस बदलण्याची घाई कृपया करू नका.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की आपण टेप मारल्यावर कपलरमध्ये सापडलेले पाणी टेपेतून आत आलेले नसावे. ते बहुधा वायरीमधूनच आले. वायरीच्या प्लॅस्टिकच्या आत तांब्याच्या बारीक तारा पिळलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पुढे सरकते. वायर एखाद्या ठिकाणी सोललेली असेल, त्या जागी पाणी लागत असेल आणि कपलर तेथून दोन हात लांब असेल, तरीही काही दिवसांत पाणी कपलरपर्यंत पोहोचते. तेथे आपण तोंड बंद करून ठेवलेले असल्यामुळे त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. आपण कपलर बंद केला म्हणून पाणी थांबले नाही, उलट आलेले पाणी आत कोंडले गेले. म्हणून माझा आग्रह असा की पाणी कोणत्या वाटेने येते ते सापडेपर्यंत कोणतेही ग्रीस, टेप किंवा सिलिकॉन हाती घेऊ नये.

ही वाट शोधण्याची पद्धत सोपी आहे. डिकीतले अस्तर काढावे, वायरी जेथून पत्र्यातून बाहेर जातात त्या रबरी बुशाभोवती, दिव्याच्या मागे आणि डिकीच्या रबराखाली टाल्कम पावडर भुरभुरावी, एका माणसाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून तांब्याने सावकाश पाणी ओतावे. जोराचा पाइप लावू नये, कारण त्याने पाणी सगळीकडे उडते आणि नेमकी जागा कळत नाही. पावडरीवर पाण्याची रेघ लगेच उमटते. गाडीला नंतर बसवलेला रिव्हर्स कॅमेरा, पार्किंग सेन्सर किंवा टो-हुकचा सॉकेट असेल, तर शोधाची सुरुवात तेथूनच करावी. असे साहित्य बसवणारे पुष्कळ जण मूळ वायर ब्लेडने सोलतात, तिला दुसरी वायर पिळतात आणि वर टेप गुंडाळतात. हल्ली दाबून बसवायची छोटी प्लॅस्टिकची क्लिपही मिळते, तिच्यातील पाते वायरीच्या आवरणात घुसते. या दोन्ही प्रकारांत वायरीला उघडी जखम राहते आणि आपल्याकडच्या पावसात तेथूनच रोगाची सुरुवात होते.

आता मागच्या दिव्याविषयी. इंडिकेटर दिल्यावर ब्रेकचा दिवा त्याच्या लयीत कमी-जास्त होतो, म्हणजे दोन्ही दिव्यांची सामाईक अर्थ, म्हणजेच प्रवाह बॅटरीकडे परत नेणारी अर्थिंगची वायर, खराब झाली आहे. ती मोजून पाहता येते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, एक टोक दिव्याच्या अर्थच्या पिनेला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे आणि कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे. आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तर अर्थ चांगली आहे, आणि अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर शोध घ्यायलाच हवा. दिवा बंद ठेवून केवळ रोध मोजण्यावर विसंबू नये. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर रोध ठीक दाखवतो, पण विद्युतप्रवाह वाहू लागला की तीच वायर हात टेकते.

हिरवी पूड कोणत्या पिनेवर आहे हेही पाहून ठेवावे. ज्या पिनेवर कायम बारा व्होल्ट असतात आणि जिच्या शेजारी अर्थची पिन असते, ती खाऱ्या पाण्यात सर्वांत आधी झिजते. ओलाव्यातून दोन पिनांमध्ये सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि धन बाजूचा धातू विरघळून पाण्यात जातो. मुलामा चढवण्याच्या कामात हीच क्रिया मुद्दाम घडवून आणतात, येथे ती नको तेथे होते. गाडी नुसती उभी असतानाही हे चालू राहते, म्हणून पावसाळ्यात महिनाभर न वापरलेली गाडी रोजच्या वापरातल्या गाडीपेक्षा जास्त बिघडलेली आढळते.

कपलर दुरुस्त करताना वायर मागून थोडी सोलून तांबे पाहावे. तांबे काळे पडले असेल तर त्यावर नवी पिन बसवू नये. चकचकीत तांबे दिसेपर्यंत वायर मागे कापावी, तिला त्याच जाडीचा नवा तुकडा जोडावा आणि जोड योग्य पकडीने दाबून घ्यावा. जोडावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी चढवावी. ती तापवल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाची बारीक कडा बाहेर आलेली दिसली पाहिजे, ती दिसली नाही तर जोड बंद झालेला नाही असे समजावे. साधी नळी आकसते, परंतु पाणी अडवत नाही. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडावे आणि ते सर्वांत शेवटी जोडावे.

उत्तर २: हार्नेस

मी पुण्याजवळ वाहनांचे वायरिंग हार्नेस तयार करणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते. वरील उत्तर अचूक आहे, त्यात काही गोष्टींची भर घालावीशी वाटते.

आपण पिना घासकागदाने घासल्या, ते करायला नको होते. कपलरमधील पिना पितळेच्या किंवा तांब्याच्या अन्य मिश्रधातूच्या असतात आणि त्यांवर कथलाचा केवळ काही मायक्रॉन जाडीचा थर असतो. आपल्या घरगुती भाषेत सांगायचे तर त्यांना कल्हई केलेली असते. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक कळकते हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. घासकागद फिरवला की पिनेचीही तीच अवस्था होते आणि पुढच्या पावसात ती पूर्वीपेक्षा अधिक वेगाने हिरवी पडते. पूड हलकी असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि नायलॉनचा मऊ ब्रश पुरेसा असतो. पिनेला खड्डे पडले असतील किंवा तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी झाले असेल, तर पिन बदलावी. प्लॅस्टिक तपकिरी पडणे म्हणजे ती पिन तापत होती. तापलेल्या पिनेचा स्प्रिंगसारखा दाब निघून जातो आणि तो परत आणता येत नाही.

आता व्हॅसलिन. बॅटरीच्या टोकांना ते लावण्याची जुनी पद्धत आहे आणि तेथे ते चालतेही, परंतु बॉनेटखालच्या उष्णतेत ते वितळून वाहून जाते, आणि त्यातील खनिज तेलामुळे काही प्रकारचे रबरी सील फुगून सैल पडतात. कपलरसाठी सिलिकॉनचे डायइलेक्ट्रिक ग्रीस वापरावे. या ग्रीसमधून वीज वाहते असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. ते विद्युतरोधक असते. दोन पिना दाबाने एकमेकींवर बसताना स्पर्शाच्या जागेवरचे ग्रीस बाजूला सारतात आणि उरलेले ग्रीस भोवतालची हवा व ओलावा अडवते. म्हणूनच ते सढळ हाताने भरू नये. पोकळी गच्च भरली तर कपलर पुरता बसत नाही, खटका लागल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरात निसटतो. रबरी सीलच्या कडेला आणि पिनांवर पातळ हात पुरतो. सील स्वतः सिलिकॉन रबराचा असेल तर मात्र सिलिकॉन ग्रीसने तोही फुगू शकतो, तेव्हा सीलला बोटाला लागेल इतपतच लावावे. इंजिनच्या धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या कपलरमध्ये ग्रीस अजिबात घालू नये. या सेन्सरच्या अनेक प्रकारांना तुलनेसाठी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच मिळते, ती वाट बुजली की त्याचे वाचन चुकते.

बाथरूमच्या सिलिकॉनविषयी विशेष सांगावेसे वाटते, कारण हे नुकसान मी वारंवार पाहते. ज्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल बाहेर पडते आणि ते बंद जागेत कोंडले गेले की तांब्याला खाते. सीलंट वापरणे अपरिहार्यच असेल तर आंबट वास नसलेले, न्यूट्रल क्युअर प्रकारचे घ्यावे, आणि तेही कपलरवर न लावता पत्रा आणि बूश यांच्यामधील फटीत लावावे.

पाणी आत ओढले जाण्याचे आणखी एक कारण आहे. गाडी चालवून कपलर तापला की त्यातील हवाही तापते. समजा ती ८० अंश सेल्सिअसला आहे आणि गाडी अचानक पाण्याने भरलेल्या रस्त्यात गेली किंवा तापलेल्या इंजिनवर कोणी पाइप धरला, तर ती हवा २५ अंशांपर्यंत थंड होते आणि बंद जागेतला दाब सुमारे १५ टक्क्यांनी घटतो. ही ओढ जवळपास दीड मीटर पाण्याच्या स्तंभाइतकी असते. सील किंचित सैल असला तरी कपलर पाणी अक्षरशः शोषून घेतो. इंजिन गरम असताना बॉनेट उघडून पाणी मारू नये, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. कपलरवर आयपी ६७ असे (धूळ व पाणी अडवण्याच्या क्षमतेचे मानांकन) लिहिलेले असले तरी पाण्याच्या बाबतीत त्याचा अर्थ एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास टिकतो एवढाच आहे. वॉशिंग सेंटरमधील उच्च दाबाच्या गरम फवाऱ्यासाठी आयपी ६९के ही वेगळी कसोटी असते.

एबीएसच्या दिव्याबद्दल माझा अंदाज असा की चाकाजवळच्या वेगाच्या सेन्सरच्या कपलरमध्ये ओलावा आहे. आजच्या गाड्यांतील दोन वायरींचे सेन्सर साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांमध्ये प्रवाह बदलून चाकाच्या फिरण्याची खबर देतात. बल्बचा दोन अँपिअरचा प्रवाह पिनेवरच्या पातळ थरातून वाट काढू शकतो, इतक्या क्षीण संदेशाला ते जमत नाही. शिवाय खारे पाणी दोन पिनांमध्ये साचले की त्यातून दोन-तीन मिलिअँपिअर गळले तरी नियंत्रक गोंधळतो. ऊन पडल्यावर आपला दिवा विझतो तो यामुळेच, परंतु मीठ तेथेच राहते आणि हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेते. म्हणून असा कपलर नुसता वाळवून भागत नाही. बॅटरी सोडून तो आधी स्वच्छ गोड्या पाण्याने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा, पूर्ण वाळवावा आणि मगच ग्रीस लावावे.

उत्तर ३: वाशिष्ठी

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात आमची गाडी खिडकीच्या काचेपर्यंत पाण्यात होती, त्या अनुभवावरून दोन गोष्टी लिहिते. पाणी ओसरल्यावर आम्ही किल्ली लावली नाही आणि बॅटरी सर्वांत आधी सोडली, एवढ्यामुळेच गाडीचे बरेच भाग वाचले. ओल्या कपलरमध्ये वीज सोडली असती तर वरच्या उत्तरात सांगितलेली पिना झिजण्याची क्रिया एका दिवसात महिन्याचे नुकसान करून गेली असती, असे आमच्या मिस्त्रींनी तेव्हा समजावून सांगितले होते.

सीटखालचे कपलर उघडले तेव्हा त्यांत गाळ पिठासारखा बसला होता. तो वाळू दिला असता तर पुढे कधीच निघाला नसता. मिस्त्रींनी पिचकारीने स्वच्छ पाणी मारून प्रत्येक कपलर धुतला, उघडा करून उलटा टांगला आणि तीन दिवस टेबलफॅनच्या वाऱ्यात ठेवला. हेअर ड्रायर जवळ धरण्याचा मोह आम्हांला झाला होता, परंतु त्याने प्लॅस्टिकचे खटके वाकतात म्हणून त्यांनी तो बंद करायला लावला. पिवळ्या रंगाचे कपलर मात्र त्यांनीही उघडले नाहीत. ते एअरबॅगचे असतात आणि त्यांना प्रशिक्षित माणसानेच हात लावावा. आपणही मागच्या भागात काम करताना सीटखाली पिवळा कपलर दिसला तर तो तसाच सोडावा, ही विनंती.

उत्तर ४: टोरांटोवासी

येथे हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, त्यामुळे आमचा प्रश्न आपल्यासारखाच, फक्त ऋतू वेगळा. कडाक्याच्या थंडीत गंज सावकाश चढतो, पण मिठाने माखलेली गाडी उबदार बंद गॅरेजमध्ये ठेवली की तो वाढतो. कोकणात पावसाळाभर ताडपत्रीने गच्च झाकून ठेवलेल्या गाडीचे तेच होत असावे असे मला वाटते. वर छप्पर असावे, पण बाजूंनी वारा खेळता राहावा. फेरीबोटीतून उतरल्यावर चाकांच्या कमानी आणि गाडीचा तळ साध्या पाण्याने कमी दाबाने धुण्याची सवय लावलीत तर बरेच काम होईल.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका विचारतो. येथील एका गॅरेजवाल्याने डब्ल्यूडी-४० मारून ठेवा म्हणजे झाले, असे सांगितले. ते पुरेसे आहे का? आणि वायरी सोल्डर करून घेतल्या तर अधिक टिकतील का?

उत्तर ५: जुना वायरमन

डब्ल्यूडी या अक्षरांचा अर्थच पाणी हटवणे असा आहे. अमेरिकेत १९५३ साली ते तयार झाले. भिजलेल्या कपलरमधून पाणी हुसकून लावण्यासाठी ते चांगले आहे, मात्र त्याचा पातळ थर काही आठवड्यांत उडून जातो आणि उरलेल्या चिकटपणावर धूळ बसते. त्याचा उपयोग धुण्यापुरता करावा, पांघरूण म्हणून करू नये. ग्रीस लावण्याआधी तेही कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून काढावे.

सोल्डरच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. घरातल्या रेडिओला सोल्डर योग्य, हलणाऱ्या गाडीला नव्हे. सोल्डर तारांमध्ये वर चढतो, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि ताठ व मऊ भागांच्या सीमेवर वायर कंपनाने तुटते. त्यात आम्लयुक्त फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावा म्हणून लावतात तो पदार्थ) वापरला असेल तर तो आतून तांबे खातो. मी स्वतः पहिली काही वर्षे सोल्डरच करत असे आणि तेच जोड नंतर मला पुन्हा कापावे लागले.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली. वायर कपलरमध्ये शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते आणि कपलरमध्ये जात नाही. कपलरचे तोंड वर आकाशाकडे असेल तर क्लिप बदलून ते आडवे किंवा खाली करावे. दिव्याच्या तळाशी बारीक भोके असतील तर ती पाणी निघून जाण्यासाठीच ठेवलेली असतात, ती बुजवू नयेत. रिकाम्या पिनांच्या जागी रबरी बुच आहे की नाही तेही पाहावे. एक बुच पडलेले असले तरी बाकीच्या सर्व सीलांचा उपयोग शून्य होतो.

खाडीकाठ

रविवारी पाऊस उघडला तेव्हा हे काम केले, त्याचा वृत्तान्त देतो.

आधी मोजणी केली. ब्रेक दाबल्यावर डाव्या दिव्याच्या अर्थवर १.६ व्होल्ट आले, आणि सोबत इंडिकेटर व टेल लॅम्प लावल्यावर अडीचच्या वर गेले. उजव्या दिव्याला त्याच स्थितीत ०.०७ होते. नंतर मुलगा टॉर्च घेऊन डिकीत बसला आणि मी तांब्याने पाणी ओतू लागलो. दिव्याच्या कडेला ओतले, डिकीच्या रबरावर ओतले, पावडर कोरडीच राहिली. नंबर प्लेटच्या वर पाणी सोडले तेव्हा मात्र आतून आवाज आला. पावडरीवर एक सरळ रेघ उमटली होती आणि ती रिव्हर्स कॅमेऱ्याच्या वायरीवरून आली होती. चार वर्षांपूर्वी कॅमेरा बसवणाऱ्याने रबरी बूश ब्लेडने चिरून वायर आत घेतली होती, आणि दिव्याच्या हार्नेसमधील रिव्हर्सची व अर्थची अशा दोन वायरी सोलून तिला तेथेच पिळले होते. टेप काढल्यावर तिचा गोंद डिंकासारखा हाताला लागला. खालची अर्थची वायर दोन इंचांपर्यंत काळी पडली होती आणि तिच्या निम्म्या तारा बोट लावताच तुटून पडल्या.

काळा भाग कापून नवा तुकडा घातला, कॅमेऱ्यासाठी वेगळा सीलबंद कपलर लावला, तपकिरी पडलेल्या जागेची पिन बदलली आणि बूश नवा टाकला. जोड दाबण्याची पकड तालुक्याच्या ठिकाणच्या एका वायरमननी एका दिवसासाठी दिली. आता त्याच अर्थवर सर्व दिवे लावून ०.०५ व्होल्ट येतात. कार्यशाळेने सांगितलेला हार्नेस बदलावा लागला नाही.

डाव्या मागच्या चाकाजवळच्या एबीएसच्या कपलरमध्ये पांढरट मीठ दिसले. तो गोड्या पाण्याने आणि नंतर अल्कोहोलने धुऊन, रात्रभर पंख्याखाली ठेवून, सीलला पातळ ग्रीस लावून बसवला. त्यानंतर दोन वेळा भर पावसात फेरीबोटीने जाऊन आलो, एबीएसचा दिवा लागला नाही. उजव्या चाकाचा कपलर अजून उघडलेला नाही. त्याच्या सीलवर बारीक चीर दिसते आहे, म्हणून नवा सील मागवला असून तो आल्यावर हेच काम तेथेही करणार आहे.